‘सोसायटीला चालणार नाही’ : कुठल्या सोसायटीला?

फोनवरच्या मुलाने मला चार मिनिटांत पाच वेळा ‘ताई’ म्हटले. नवा गृहप्रकल्प, दोन बीएचके, तिसऱ्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत फ्लॅट शिल्लक. “ताई, रविवारीच या, साहेबांनाही घेऊन या, सॅम्पल फ्लॅट बघून घ्या.” मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. फोनवर माझे मराठी ऐकून कुणाला माझे नाव ओळखता येत नाही. शेवटी त्याने विचारले, “नाव काय लिहू, ताई?” मी नाव सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “एक मिनिट हं, मॅडम.” ताईची मॅडम झाली तेव्हाच मला पुढचे कळले होते. मिनिटाभराने तो परत आला. दोन बीएचके सगळे गेले होते. नऊ मजले एका मिनिटात विकले गेले!

संध्याकाळी शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईंनी त्याच नंबरवर फोन लावला. त्यांचे आडनाव पुण्यात कुणालाही चालते. फ्लॅट होते. पार्किंगसह होते. रविवारी यायचेही आमंत्रण होते.

रविवारी मी गेलेच. सोबत माझे पती होते. साइट ऑफिसात आम्हाला चहा मिळाला, हे मुद्दाम सांगते, कारण कुणी उद्धटपणे वागले नाही. मॅनेजर वयस्कर, सभ्य गृहस्थ. म्हणाले, “मॅडम, आमच्या मनात तसं काही नाही. माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत. पण उद्या सोसायटीला चालणार नाही. तुम्हालाच त्रास होईल, म्हणून आधीच सांगतो.”

खिडकीतून बाहेर प्रकल्पाची जागा दिसत होती. एक मोठा खड्डा, त्यात साचलेले पावसाचे पाणी आणि कडेला एक जेसीबी. मी विचारले, “साहेब, कुठली सोसायटी?”

ते हसले. मी म्हटले, जे बोललात ते लेटरहेडवर लिहून द्या. ते म्हणाले, “असं लिहून कसं देता येईल, मॅडम?”

हा लेख त्या मॅनेजरविरुद्ध नाही, फोनवरच्या मुलाविरुद्ध तर मुळीच नाही. त्याला महिन्याचे टार्गेट आहे, वर कुणाचा तरी आदेश आहे. असा अनुभव आलेली मी पहिली नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळत नसल्याच्या तक्रारींची नोंद आहे. तेव्हापासून आपण या विषयावर दोनच गोष्टी करत आलो आहोत. एक तर रडतो, नाहीतर ‘लोकांची मने बदलायला हवीत’ असे भाषण करतो. मला वाटते दोन्हींत नेम चुकतो. त्या खड्ड्यात अजून एकही माणूस राहायला आलेला नव्हता. मने होती कुणाची? वाईट वाटून घेणारे शेजारी अजून जन्मालाच आले नव्हते. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा एकच माणूस हजर होता, तो म्हणजे बिल्डर. ज्याला आपण समाजाची नाराजी म्हणतो, ती इमारतीच्या नकाशासोबतच आखलेली असते.

म्हणून आधी इमारत कशी उभी राहते ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांना बिल्डरचा धंदा म्हणजे विटा आणि सिमेंट वाटतो. तसे नाही. विटा सगळ्यांत शेवटी येतात.

आधी येते जमीन. बिल्डर ती विकत घेतो किंवा मूळ मालकाशी विकसन करारनामा करतो. मालकाला पैसे, तयार फ्लॅट किंवा विक्रीतला वाटा, आणि बिल्डरला कुलमुखत्यारपत्र. मग येतो एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. जागेच्या किती पट बांधायचे, याची सरकारने दिलेली मोजणी. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या भूखंडावर ४,४०० चौरस मीटर. त्यावर जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी म्हणून निवासी बांधकामात आणखी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येते. झाले ७,०४० चौरस मीटर. शिवाय प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर वेगळे. समोरचा रस्ता जितका रुंद, तितके हे दोन्ही जास्त मिळतात.

मग बसतो हिशेब. जमिनीचा भाव, अधिमूल्य, बांधकाम, कर्जाचे व्याज आणि नफा यांना विकाऊ चौरस फुटांनी भागायचे. त्या भागाकारातून ठरते की इथे एक बीएचके करायचे की तीन. आर्किटेक्टच्या हाती कागद येतो तेव्हा त्यावर हा आकडा आधीच लिहिलेला असतो. घरात आजी कुठे झोपेल हा प्रश्न त्या कागदावर नसतो. माझ्या सासूबाई आमच्या सध्याच्या घरात हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. दोन बीएचकेच्या नकाशात चौघांचे कुटुंब गृहीत धरलेले आहे आणि त्या पाचव्या आहेत.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट ठरते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही : गिऱ्हाईक कोण? धंद्याच्या भाषेत याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. आयटीवाले, डॉक्टर, निवृत्त बँकवाले, अमुक समाजाचे व्यापारी. त्याप्रमाणे ब्रोशर तयार होते, होर्डिंगवरचे हसरे कुटुंब निवडले जाते, क्लब हाउसशेजारी काय येणार ते ठरते, ‘समविचारी कुटुंबे’ असा शब्द जाहिरातीत बसतो. कुठे ‘शुद्ध शाकाहारी परिसर’ असे उघड लिहितात, कुठे फक्त एजंटच्या कानात सांगतात. पहिले वीस-पंचवीस फ्लॅट ज्यांना विकले जातात, त्यांच्यावरून पुढच्या शंभरांचा अंदाज बांधला जातो. ‘मॅडम, दोन फ्लॅट तुमच्यात गेले की बाकीचे अडकतात,’ असे एका एजंटने मला प्रामाणिकपणे सांगितले. म्हणजे बिल्डरला माझा राग नाही, त्याला त्याच्या न विकलेल्या मालाची काळजी आहे. मला हे जास्त भयंकर वाटते. रागाला निदान शरम असते. इथे माझे नाव एक खर्चाची बाब झाले आहे, आणि ती कमी ठेवायची असे ठरले आहे.

आता त्या ‘सोसायटी’कडे येऊ.

या विषयावर वाद घातला की कुणी ना कुणी सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल तोंडावर फेकतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा तो खटला. संस्थेच्या उपविधीत सभासदत्व पारशांपुरतेच होते आणि न्यायालयाने ते वैध ठरवले. संघटना करण्याचे स्वातंत्र्य हा त्यामागचा आधार होता. मला तो निकाल पटत नाही, पण क्षणभर तो मान्य करू. त्यात काय होते? काही माणसे आधी एकत्र आली, त्यांनी संस्था स्थापली, जमीन घेतली, नियम केले, नोंदणी केली आणि मग म्हटले की आम्ही आमच्यातच राहू.

आणि माझ्या बाबतीत काय होते? संस्था नव्हती, सभासद नव्हते, उपविधी नव्हते, भिंतही नव्हती. रेरा कायद्याप्रमाणे बहुसंख्य फ्लॅटचे बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापनेची जबाबदारी बिल्डरवर येते. म्हणजे संस्था बुकिंगनंतर जन्माला येते आणि बिल्डर तिचे नाव घेऊन बुकिंग नाकारतो. बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या नावाने शेजाऱ्याशी भांडण! पुन्हा गंमत अशी की हेच बिल्डर संस्था स्थापन करायची वेळ आली की वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात. जमिनीचे अभिहस्तांतरण करून देत नाहीत. इतके, की सरकारला ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करून लोकांना बिल्डरशिवायच जमीन नावावर करून घेण्याचा रस्ता काढून द्यावा लागला. सोसायटीला जमीन द्यायची तेव्हा सोसायटी आठवत नाही. मला नाकारायचे तेव्हा ती लगेच आठवते.

“आमची मालमत्ता, आम्ही कुणालाही विकू,” हा दुसरा युक्तिवाद. ऐकायला सरळ वाटतो. पण मघाचा हिशेब पुन्हा पाहा. जमीन त्याची असेल, त्यावरची उंची त्याची नाही. मूळ एफएसआयपलीकडचा प्रत्येक चौरस मीटर त्याला सार्वजनिक नियमाने मिळालेला आहे. रस्ता रुंद म्हणून इमारत उंच, आणि तो रस्ता महापालिकेचा. त्यासाठी मी मिळकतकर भरते, माझा मोहल्ला भरतो. जलवाहिनी आमच्या सगळ्यांची. कुणाची तरी जमीन रस्त्यासाठी, बागेसाठी, शाळेसाठी गेली, तिच्या बदल्यात निघालेला टीडीआर विकत घेऊन तो वरचे मजले चढवतो. म्हणजे अकरा मजल्यांपैकी कितीतरी मजले समाजाने दिलेल्या परवानगीवर उभे आहेत. मग त्या समाजातल्या एका भागाला दारातून परत पाठवायचा अधिकार कुठून आला? घरातली एक खोली भाड्याने देणारी म्हातारी आणि दीडशे फ्लॅट बाजारात विकणारा व्यावसायिक यांना एकाच मापाने मोजू नका. म्हातारी तिचे घर वाटून घेत असते. बिल्डर दुकान मांडून बसलेला असतो.

दुकान हा शब्द मी विचार करून वापरते आहे. संविधानाच्या कलम १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम सरकारपुरते नाही, खासगी माणसालाही लागू आहे. १९४८ मध्ये घटना समितीत याच कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला होता की ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, लोकांना आपली सेवा देऊ करणारा त्यात येतो. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या शब्दाचा असाच व्यापक अर्थ घेतला. तो खटला शिक्षणसंस्थेचा होता, घरांचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण होर्डिंग लावून, टीव्हीवर जाहिरात करून, सॅम्पल फ्लॅट मांडून विक्री करणारे ठिकाण जर दुकान नसेल, तर मग दुकान म्हणायचे कशाला?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मला वाटत होते की याबाबत बिल्डरवर कुठलेच लेखी बंधन नाही. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झाले. या कायद्याने ग्राहकाला बरेच दिले. कार्पेट एरियाची एकच व्याख्या दिली. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी केली. बांधकामातल्या रचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर ठेवली. पण नाव ऐकून घर नाकारल्यास काय, हे मला मूळ कायद्यात कुठे सापडले नाही.

ते सापडले नियमांत. प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरला महाराष्ट्राच्या नियमांतला ‘फॉर्म बी’ भरावा लागतो. हे शपथेवरचे प्रतिज्ञापत्र असते. जमिनीचा हक्क, बोजे, पूर्णत्वाची तारीख, ७० टक्क्यांचे खाते, सगळे त्यात असते. आणि शेवटी एक कलम असते. त्याचा आशय असा : फ्लॅटचे वाटप करताना मी कोणत्याही अलॉटीबाबत भेदभाव करणार नाही.

मी महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन त्या खड्ड्याचे प्रतिज्ञापत्र काढले. सही होती, नोटरीचा शिक्का होता. ज्यांनी मला चहा पाजून परत पाठवले त्यांनी सरकारला शपथेवर लिहून दिले होते की आम्ही असे करणार नाही. “असं लिहून कसं देता येईल, मॅडम?” असे ते म्हणाले होते. पण त्याच्या उलटे त्यांनी आधीच लिहून दिले होते.

मग पळवाट कुठे आहे? ‘अलॉटी’ या शब्दात. कायद्याने अलॉटी म्हणजे ज्याला फ्लॅट दिला, विकला किंवा हस्तांतरित केला तो. मला तर दारातूनच परत पाठवले. मी अलॉटी झालेच नाही. म्हणजे ज्याला आत घेतले त्याच्याशी भेदभाव करायचा नाही, आणि ज्याच्याशी भेदभाव करायचा त्याला आतच घ्यायचे नाही. शाळेत एखाद्या मुलाला प्रवेशच द्यायचा नाही आणि मग म्हणायचे, आमच्या वर्गात सगळ्या मुलांना समान वागणूक मिळते. हे व्याकरण मी माझ्या आठवीच्या पोरांना शिकवले तर तीही हसतील.

तरी एक दार उघडे आहे. तक्रार करण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम ३१ ने फक्त अलॉटीला दिलेला नाही, कोणत्याही बाधित व्यक्तीला दिला आहे. नाव सांगताच जिला नऊ मजले बंद झाले ती बाधित नाही तर कोण?

इथपर्यंत वाचून माझ्या हिंदू वाचकांना वाटत असेल की हे मुसलमानांचे गाऱ्हाणे आहे. थोडे थांबा. २०२३ मध्ये मुंबईतल्या मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ‘इथे महाराष्ट्रीय चालत नाहीत’ म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्रभर संताप झाला आणि व्हायलाच हवा होता. मासळी शिजवतात म्हणून मराठी कुटुंबांना फ्लॅट मिळत नाही, ही तक्रार मुंबईत जुनी आहे. दलित मित्रांना विचारा, आडनावानंतर त्यांना कुठले प्रश्न विचारले जातात. एकट्या राहणाऱ्या मुलींना विचारा. ‘प्रोफाइल’ ठरवायचा अधिकार एकदा बाजाराला दिला की तो मुसलमानापाशी थांबत नाही. आज यादीत माझे नाव वर आहे एवढेच. गुजरातमध्ये १९९१ पासून अशांत क्षेत्राचा कायदा आहे. तिथे घोषित भागात मालमत्ता विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यातून वस्त्या वेगळ्या राहतात. आपल्याकडे असा कायदा नाही याचा आपल्याला अभिमान आहे. पण कायदा नसतानाही काम तेच होत असेल, तर अभिमान कशाचा?

आता आपल्या लोकांशी बोलते. हा भाग काहींना आवडणार नाही.

तिकडून नकार मिळाला की आपण परत आपल्या भागात येतो. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, पुण्यात कोंढव्याला आली. तिथे आपली वाट पाहत दुसरा बिल्डर बसलेला असतो. तो ‘ताई’ म्हणत नाही, ‘बाजी’ म्हणतो. नाव विचारून थांबत नाही, उलट खूश होतो. “बाजी, अपनाच आदमी है. कागद-बिगद होता रहेगा.” आणि आपल्याला इतके बरे वाटते की आपण कागद मागत नाही.

इथे दर चौरस फुटाला काय पडते? माझ्या भागातल्या अरुंद गल्लीतल्या फ्लॅटचा भाव आणि त्या खड्ड्याचा भाव मी शेजारी शेजारी मांडून पाहिला. फरक फार नव्हता. तिकडे रुंद रस्ता, बाग, मंजूर नकाशा. इकडे दोन इमारतींमध्ये हात घालता येईल एवढी फट, टँकरचे पाणी, आणि भोगवटा प्रमाणपत्राबद्दल विचारले की ‘आएगा’. भाव तरी तेवढाच का? कारण आपल्याला दुसरीकडे जाता येत नाही, हे त्याला माहीत आहे. तिकडच्या बिल्डरने मला नाकारले, त्याचा नफा इकडचा बिल्डर खातो. दोघे एकमेकांना ओळखतही नसतील, पण धंदा भागीदारीतला आहे.

सगळ्यांत धोक्याचा आहे नोटरीचा फ्लॅट. मंजुरी नसलेल्या इमारतीला बँक कर्ज देत नाही. त्यात आपल्यापैकी बरेच जण व्याज टाळतात म्हणून कर्ज घेतच नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मग दागिने विकून, गावची जमीन विकून, आखातातल्या भावाकडून घेऊन बिल्डरला हप्त्याहप्त्याने रोख दिली जाते, आणि हातात येतो स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांपुढच्या स्थावर मालमत्तेच्या खरेदीची नोंदणी सक्तीची आहे. नोटरीने घर तुमच्या नावावर होत नाही. एकच फ्लॅट तिघांना विकल्याच्या गोष्टी आपल्या मोहल्ल्यात काय कमी आहेत? व्याज टाळायचे म्हणून नोंदणीही टाळायची, हे कुठल्या शरीयतमध्ये आहे? कुरआनची सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. आपण ती तरावीहमध्ये ऐकतो आणि बाहेर येऊन कोऱ्या विश्वासावर चाळीस लाख देतो.

याची किंमत फक्त पैशात नसते. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडली, १६ गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. अशा वेळी आपण दुआ करतो, मदत गोळा करतो, ते करायलाच हवे. पण ‘अपनाच आदमी’ला प्रश्न विचारणे आपण त्याच्या आधी का करत नाही?

आणि २०२५ मध्ये कर्जत परिसरातल्या एका प्रकल्पाची ‘हलाल लाइफस्टाइल’ म्हणून जाहिरात झाली, गदारोळ झाला, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारकडे विचारणा केली. आमच्यातले काही जण म्हणाले, ते जैन इमारती करतात, मग आम्ही केली तर काय बिघडले? हा दुटप्पीपणा दाखवून देणे बरोबरच आहे. शाकाहारी टॉवरवर गप्प बसणाऱ्यांनी एका जाहिरातीवर एवढा आवाज करावा, हे मलाही खटकले. पण म्हणून ती जाहिरात योग्य ठरत नाही. ज्या शब्दाने मला तिकडे नाकारले तोच ‘समविचारी’ शब्द आपण उर्दूत छापायचा का? आपली मुले शाळेत आपलीच, मोहल्ल्यात आपलीच, आता टाउनशिपमध्येही आपलीच. माझ्या वर्गातल्या काही मुलांना वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत एकही हिंदू शेजारी मिळालेला नाही. त्यांना मी मराठी शिकवते, पण ते मराठी बोलणार कुणाशी?

“एकत्र ठेवले तर भांडणे होतील,” असे दोन्हीकडचे बिल्डर सांगतात. याचे उत्तर माझ्यापाशी पुस्तकातले नाही, ओळखीतल्या घरातले आहे. आमच्या शाळेतल्या एका शिपाईभाऊंना म्हाडाच्या सोडतीत घर लागले. तेही एका खासगी बिल्डरच्या प्रकल्पात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधताना २० टक्के क्षेत्र अल्प उत्पन्न गटांच्या छोट्या घरांसाठी ठेवावे लागते, त्यातले हे घर. सोडतीत आरक्षणाचे प्रवर्ग आहेत, उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तुमचे नाव ऐकून कुणी एक मिनिट थांबत नाही. संगणक नंबर काढतो आणि बिल्डरला त्या माणसाला घर द्यावेच लागते. घर छोटे आहे, छोट्या घरांची इमारत वेगळी, गेटही वेगळे. तो वेगळ्या लेखाचा विषय. पण सहा वर्षे झाली. भाऊ कुर्बानी बाहेर करून येतात, गणपतीच्या वर्गणीत त्यांचे नाव असते, खालच्या मजल्यावरच्या काकूंशी त्यांचे भांडण झाले ते गळक्या पाइपवरून. इमारतीचे भाव काही कोसळले नाहीत. ज्यांना ‘चालणार नाही’ म्हणून सांगितले जाते ते शेजारी प्रत्यक्षात असे असतात. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

तेव्हा मागणी साधी आहे. लोकांची मने बदला, ही मागणी मी करत नाही. ते काम मोठे आहे आणि बिल्डरच्या ऑफिसात होणार नाही. मागणी एवढीच :

महारेराने आपल्या कलम ३७ च्या अधिकारात स्पष्ट निर्देश काढावेत की फॉर्म बी मधले ‘वाटप’ हे चौकशी आणि बुकिंगपासून सुरू होते, आणि धर्म, जात, भाषा, आहार, वैवाहिक स्थिती यांवरून दिलेला नकार हा त्या प्रतिज्ञापत्राचा भंग आहे. कुठल्या मजल्यावरचा कुठला फ्लॅट शिल्लक आहे, हे महारेराच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज दिसावे, म्हणजे एका मिनिटात नऊ मजले विकता येणार नाहीत. नकार दिला तर कारण लेखी द्यावे. एजंटांचीही महारेराकडे नोंदणी असते, त्यांनाही हीच अट असावी. आणि ज्या प्रकल्पात असा भंग सिद्ध होईल, त्याला प्रीमियम एफएसआय आणि सवलती मिळू नयेत. समाजाकडून उंची घ्यायची तर समाजाला दार उघडे ठेवावे लागेल.

आणि आपल्यासाठी. ‘अपनाच आदमी’ असला तरी चार कागद मागा : महारेराचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र, नोंदणीकृत करार, भोगवटा प्रमाणपत्र. प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर नोंदणी सक्तीची आहे, ‘आपल्याला लागत नाही’ हे ऐकून घेऊ नका. जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटे यावर बोलता आले तर इमाम साहेबांना विनंती करा.

तिकडे नकार मिळाला तर गप्प घरी येऊ नका. तारीख, वेळ, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, कोण काय बोलले, लगेच वहीत लिहा. शक्य असेल तर दुसऱ्या नावाच्या मित्राला त्याच दिवशी फोन करायला लावा. संध्याकाळी ‘आपण बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्यांना ईमेल पाठवा. ते लिहून देणार नाहीत, पण आपण लिहून ठेवू शकतो. मी तशी ईमेल पाठवली आहे. उत्तर आलेले नाही. फॉर्म बी ची प्रत आणि सहकारी बाईंच्या फोनची वेळ जोडून तक्रारीचा मसुदा तयार केला आहे. त्या साक्ष द्यायला तयार आहेत, हे त्यांनी न विचारता सांगितले.

पुढच्या रविवारी आणखी एक प्रकल्प पाहायचा आहे. या वेळी फोन लावला तेव्हा मी मराठी नंतर बोलले, नाव आधी सांगितले.